चादरीचा पोंचो, मुलतानी मातीची धूळ

जुन्या हॉलिवूड वेस्टर्नची, म्हणजे काउबॉय चित्रपटांची, प्रेमानं टर उडवणारे विनोदी चित्रपट, असा विषय या सदरासाठी जाहीर केला होता. सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत 'काय पाहू?' विचारणारे बरेच आहेत, आणि 'आम्हीच एक करतोय, अडलंय' म्हणणारेही आहेत. दुसऱ्या प्रकारच्या पत्रांना जागा जास्त दिली आहे, कारण त्यांची अडचण नेमकी आहे.

'ब्लेझिंग सॅडल्स'चं कौतुक फार ऐकलं होतं म्हणून पाहिला. निम्म्या वेळा बाकीचे का हसतात तेच कळेना. माझं काय चुकलं? (साखर पेठ)

क्रम चुकला. विडंबन उसन्या भांडवलावर चालतं. मूळ कविता कानात नसेल तर अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'मधली अर्धी मजा हातातून निसटते, तसंच हे. आधी एक खरा, गंभीर वेस्टर्न पाहायचा आणि दोन-चार दिवसांत त्याची टर उडवणारा. अशा जोड्या लावल्या तर समजावून सांगायला कुणी शेजारी बसायची गरज नाही.

पहिली जोडी 'हाय नून' (१९५२) आणि 'सपोर्ट युवर लोकल शेरिफ' (१९६९). 'हाय नून'मध्ये दुपारी बाराच्या गाडीनं खुनी येणार असतो. गॅरी कूपर गावात दारोदार मदत मागत फिरतो आणि एकेक दार बंद होत जातं. गोष्ट जवळजवळ खऱ्या वेळात घडते, म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिसलं की पोटात गोळा येतो. आता दुसरा लावा. इथं जेम्स गार्नर शेरिफ, म्हणजे गावचा कायद्याचा रखवालदार, होतो तो पगारासाठी. गावात तुरुंग बांधून तयार आहे, पण कोठडीचे गज अजून आलेलेच नाहीत. तो जमिनीवर खडूनं रेघ मारतो आणि रेघेजवळ लाल रंगाचे थोडे थेंब पाडून ठेवतो. कैदी थेंबांकडं बघतो, शेरिफकडं बघतो आणि मुकाट आत बसून राहतो. संवाद जवळजवळ नाहीच, आणि वेस्टर्नमधल्या 'कायद्याची जरब' या सगळ्या भानगडीचा निकाल लागतो.

त्याच चित्रपटात वॉल्टर ब्रेनन गुंड पोरांचा बाप आहे. या नटानं 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन'मध्ये (१९४६) क्लँटन नावाचा असाच बाप केला होता, स्वतःच्या पोरांना चाबकानं हाणणारा, अंगावर काटा आणणारा. तेवीस वर्षांनी तोच माणूस तोच बाप करतो, फक्त आता पोरांच्या मठ्ठपणानं पुरता वैतागलेला. तो पिस्तूल रोखतो तेव्हा गार्नर नळीत सरळ बोट घालतो. 'क्लेमेंटाइन' पाहिलेल्याला ब्रेननचा चेहरा दिसताच हसू फुटतं, न पाहिलेल्याला बोट घातल्यावर. फरक तेवढाच.

मग 'ब्लेझिंग सॅडल्स' (१९७४). त्याआधी 'डेस्ट्री राइड्स अगेन' (१९३९) पाहून घ्या, कारण मॅडलिन कान जी सलूनमधली, म्हणजे दारूच्या गुत्त्यातली, गाणारी करते ती त्यातल्या मार्लेन डीट्रिशची नक्कल आहे: जड पापण्या, कंटाळलेला आवाज, जर्मन हेल. या भूमिकेसाठी कानला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. खलनायकाचं नाव हेडली लामार. लोक त्याला सारखे हेडी म्हणतात आणि तो दर वेळी चिडून दुरुस्त करतो. हेडी लामार ही जुन्या जमान्यातली मोठी नटी. तिनं या नावावरून खटला भरला होता आणि तो कोर्टाबाहेर मिटला. शेकोटीच्या दृश्यावरचं हसूही असंच उधारीचं आहे. शेकडो वेस्टर्नमध्ये काउबॉय शेकोटीभोवती बसून घेवड्याच्या उसळीवर काळी कॉफी पितात आणि पुढं पोटाचं काय होतं ते कुणी कधी दाखवलं नव्हतं. दिग्दर्शक मेल ब्रुक्सनं दाखवलं. अर्थात आवाजासकट.

घाई असेल तर आणखी तीन जोड्या: 'रिओ ब्राव्हो' (१९५९) मधला दारुडा डेप्युटी पाहून 'कॅट बलू' (१९६५), 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) पाहून 'बॅक टू द फ्यूचर'चा तिसरा भाग (१९९०), आणि 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) पाहून 'थ्री अमिगोज' (१९८६). शेवटच्या जोडीत तर संगीतकारही एकच, एल्मर बर्नस्टीन. त्यानं विनोदी चित्रपटालाही तेवढंच भरदार, छाती फुगवणारं संगीत दिलं आणि पडद्यावरची तीन बावळट माणसं त्यामुळंच जास्त बावळट दिसतात.

'शोले' यात मोडतो का? (कुर्डुवाडी)

नाही. 'शोले'त विनोद भरपूर आहे, पण तो वेस्टर्नची टर उडवत नाही, वेस्टर्नचा साचा मनापासून वापरतो. जेलर आणि सूरमा भोपाली काढून टाकले तरी चित्रपट उभा राहतो. विडंबनातून विनोद काढला तर खाली काही उरत नाही.

आमच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू चालतं. वडील कृष्णाच्या काउबॉय चित्रपटाबद्दल नेहमी सांगतात. तसे विनोदी कुठले आहेत? (अशोक चौक)

वडील सांगतात तो 'मोसगाळ्ळकु मोसगाडु' (१९७१). तो विनोदी नाही, सरळ काउबॉय चित्रपट आहे, आणि तुमच्याकडं मूळ आधीच घरात आहे हे उत्तमच. आता 'क्विक गन मुरुगन' (२००९) पाहा. हिरव्या शर्टाचा, बिबट्याच्या कातड्यासारख्या छपाईचं जाकीट घालणारा शाकाहारी काउबॉय आणि डोशावरून पेटलेलं युद्ध. नायक तेलुगूतले राजेंद्र प्रसाद. हे पात्र मुळात चॅनल व्हीच्या जाहिरातींतून आलं, आणि चित्रपट ताणल्यासारखा वाटतो तो त्यामुळंच. अर्ध्या मिनिटाचा विनोद दीड तास पुरवायचा म्हणजे पातळ होणारच. तमिळमध्ये 'इरुंबुक्कोट्टै मुरट्टु सिंगम' (२०१०) आहे, राघव लॉरेन्सचा. मूळ वेस्टर्नची जाण त्यात जास्त दिसते.

मुलं आठ आणि अकरा वर्षांची. सुट्टीत एकत्र बसून पाहण्यासारखे सांगा. (जुळे सोलापूर)

'ब्लेझिंग सॅडल्स' अजिबात नको. त्यातला काळा शेरिफ हीच खरी गंमत आहे आणि टर उडते ती वर्णद्वेष्ट्यांचीच, पण ती शिव्यांच्या भाषेत उडते. मुलं शिव्या उचलतील, मुद्दा नाही.

सुरुवात बस्टर कीटनच्या 'गो वेस्ट'नं (१९२५) करा. मूकपट आहे, भाषेचा प्रश्न नाही, सव्वा तासाच्या आत संपतो. पत्त्यांच्या डावात कीटन समोरच्याची लबाडी पकडतो. समोरचा पिस्तूल काढून म्हणतो, 'हे बोलताना हस.' हा त्या काळी गाजलेल्या एका वेस्टर्न कादंबरीतला संवाद आहे, पण इथं तो म्हटला जातो अशा माणसाला, जो पडद्यावर न हसण्यासाठीच प्रसिद्ध आहे. कीटन दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलतो. डोळे तसेच. मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही, ती लगेच करून बघतात.

नंतर लॉरेल आणि हार्डीचा 'वे आउट वेस्ट' (१९३७). तोही तासाभराचाच. सलूनबाहेर दोघं जे नाचतात ते नीट पाहा: कुणी कुणाकडं बघून हसत नाही, पावलं खरोखर तालात आहेत. स्टॅन अंगठा काडीसारखा पेटवतो आणि ऑलीला ते जमत नाही, ही गंमत तीन-चारदा येते. शेवटी जमतं तेव्हा काय होतं ते सांगत नाही.

मोठ्या मुलाला 'रँगो' (२०११) आवडेल. ॲनिमेशन आहे. वाळवंटातल्या गावात पाणी संपलंय, बँकेत पैशांऐवजी पाणी ठेवलंय आणि तेही तळाला गेलंय. नळाला चार-चार दिवसांनी पाणी पाहिलेल्या सोलापूरकरांना ही बँक परकी वाटणार नाही. त्यातला साप धाकट्याला भीती घालू शकतो, रात्री उशिरा लावू नका.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी दहा मिनिटांचं वेस्टर्न विडंबन मोबाइलवर शूट करतोय. बजेट जवळजवळ शून्य. पोंचो, सलूनचं दार, धूळ, काच फुटणं हे कसं करायचं? एकदा प्रयत्न केला तर सगळं गॅदरिंगच्या नाटकासारखं दिसलं. (विजापूर रोड)

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. पण या प्रकारात गरिबी खपते, अट एकच. जे दाखवाल ते पात्रांनी खरं मानलं पाहिजे. नाटकासारखं दिसलं म्हणजे बहुधा नट स्वतःच मिस्कील चेहरे करत होते. 'ब्लेझिंग सॅडल्स'चं शीर्षकगीत फ्रँकी लेनकडून गाऊन घेतलं, तेव्हा चित्रपट विनोदी आहे हे त्याला सांगितलंच नव्हतं. तो जीव तोडून गायला, चाबकाच्या फटकाऱ्यांसकट. सोंग असं वठवायचं.

आता सामान.

पोंचो म्हणजे मधल्या भोकातून डोकं घालून अंगावर घ्यायचं पांघरूण. त्यासाठी सोलापुरी चादर घ्या, जुनी, धुऊन मऊ पडलेली. एकेरी चादर साधारण ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब असते. ती तशीच मध्ये भोक पाडून घातली तर पुढून ४५ इंच लोंबते, गुडघ्याखाली जाते आणि कमरेचं पिस्तूल झाकतं. मग पोंचो मागं टाकून पिस्तूल दाखवण्याची वेस्टर्नची खास अदा मिळत नाही. लांबीतून ३० इंच कापून ६० बाय ६०चा चौकोन करा. पुढून ३० इंच पडेल, म्हणजे कमरेच्या जरा खाली. गळ्यासाठी मधोमध १२ इंचांची सरळ चीर पुरते. पण कात्री लावण्याआधी चिरेच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर मशीनची टीप मारून घ्या आणि टोकांना आडवी टीप घाला. चादरीचं विणकाम जॅकार्डचं, मागच्या बाजूला नक्षीचे धागे मोकळे तरंगत असतात. टीप न मारता कापलं तर पहिल्याच दिवशी गळा छातीपर्यंत उसवतो. उरलेला ६० बाय ३०चा तुकडा खोगिराखाली घालायला होतो.

रंगाची चिंता करू नका. मूळ पोंचो मातकट तपकिरी असतो. तुमच्याकडं गुलाबी-हिरवी मोराची चादर असेल तर तीच घ्या. नायक पाठमोरा, वारा, शीळ, आणि तो सावकाश वळतो तेव्हा छातीवर मोर. फक्त त्या मोराबद्दल कुणी एक शब्द बोलायचा नाही.

पोंचोखालच्या लोखंडी पत्र्यावर गोळी अडते ती गंमत लिओनेच्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'मधली आणि 'बॅक टू द फ्यूचर'नं उचललेली. तुम्ही तिथं कडक भाकरी वापरा. गोळी लागते, नायक पडतो, उठतो, पोंचोखालून भाकरीचे दोन तुकडे काढतो आणि शेंगाचटणीबरोबर खायला लागतो. पण हे एकदम काढलं तर कुणी हसणार नाही. पहिल्या दोन मिनिटांत कुणीतरी ती भाकरी दाताखाली घेऊन दात सांभाळताना दिसला पाहिजे. पेरलं तर उगवतं.

सलूनचं दार: तीन फूट रुंद चौकटीला दोन पाखं, प्रत्येकी साडेसतरा इंच, उंची साधारण चार फूट, जमिनीपासून वीस इंच वर. खालून आधी बूट दिसले पाहिजेत, म्हणून एवढी फट. एक बाय दोनच्या लाकडी पट्टीची चौकट आणि त्यावर ६ मिलिमीटर प्लाय. १२ मिलिमीटरचा घेतला तर पाखं जड होतं आणि खरंच लागतं. बिजागरी दोन्हीकडं उघडणारी स्प्रिंगची, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिचा ताण कमी ठेवा. दार परत येऊन मागच्याच्या तोंडावर बसतं ही गंमत करायची असेल तर आधी दार रिकामं झुलवून किती हेलकाव्यांनी थांबतं ते मोजा, पाखं जिथपर्यंत येतं त्याच्या चार इंच मागं, दारापासून लांब, खडूची खूण करा आणि मागच्या नटाला तिथंच थांबवा. दार लागत नाही. तो मान मागं झटकतो, आवाज नंतर घालायचा. पाख्याच्या कडेला फोमची पट्टी तरीही चिकटवा.

धुळीसाठी मुलतानी माती. हा गरिबीचा जुगाड नव्हे. हॉलिवूडमध्येही धुळीसाठी हीच माती वापरत आले आहेत. ती हलकी, बारीक, फिकट रंगाची, हवेत रेंगाळते आणि कपड्यावरून झटकली जाते. किलोभर चाळून घ्या, जुन्या पायमोज्यात भरा, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरून आपटा आणि कॅमेऱ्याच्या बाजूनं टेबलफॅन लावा. वारा कॅमेऱ्याकडून नटांकडं पाहिजे, उलटा नाही. मोज्यावाल्यानं आणि पंख्यावाल्यानं मास्क लावायचा. गव्हाचं पीठ कधीही उडवू नका: हवेत पसरलेलं पीठ ज्वलनशील असतं, आणि तुमच्या कथेत शेकोटी असणारच.

गडगडत जाणारं काटेरी झुडूप तारेच्या जाळीच्या गोळ्याला वाळलेलं गवत बांधून करा, दीड-दोन फुटांचं. पंख्यानं ते हलत नाही. तंगूस बांधून ओढा, जाड नको, नाहीतर उन्हात चमकतो. दोन टेकनंतर गवत गळतं. बदली गोळा तयार ठेवा. जाता जाता, अमेरिकी वेस्टर्नची ही खूण मुळात अमेरिकी नाही, जवसाच्या बियाण्यात मिसळून १८७०च्या दशकात रशियातून तिकडं गेलेलं तण आहे.

काच हा या सगळ्यातला अवघड भाग. साखर ३५० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज १६५ ग्रॅम, पाणी २४० मिलिलिटर, चिमूटभर क्रीम ऑफ टार्टर. साखर विरघळेपर्यंत ढवळा, उकळी आली की ढवळणं बंद, नाहीतर दाणा धरतो आणि काच दुधाळ होते. १५० अंश सेल्सिअसला गॅस बंद. थर्मामीटर नसेल तर एक थेंब गार पाण्यात टाका: वाकला तर कच्चं, कट्कन मोडला तर झालं. १६० पुढं गेलं की पिवळट पडतं. तेलाचा हात लावलेल्या सपाट ट्रेमध्ये साडेतीन मिलिमीटर जाड ओता. एवढ्या मालात फूटभर चौरस काच होते. थंड होऊन सुटायला दोन तास द्या. कोरड्या हवेत ती दिवसभर टिकते, पावसाळ्यात दोन-तीन तासांत चिकट होऊन वाकायला लागते. उकळता पाक हातावर सांडला तर भयंकर भाजतं, त्यामुळं हे काम घरातल्या मोठ्या माणसाबरोबर करा. आणि साखरेची असली तरी तुकड्याला धार असते: खिडकीसाठी ठीक, डोक्यावर किंवा चेहऱ्याजवळ फोडू नका. बाटली करायला सिलिकॉनचा साचा लागतो, तो नाद सोडा.

पिस्तूल टिकल्यांचं, गड्ड्याच्या यात्रेत मिळतं तसलं. टोप्याही तिथंच. खरं शस्त्र, परवान्याचं असलं तरी, सेटवर आणायचं नाही, कोरी काडतुसंसुद्धा नाहीत. कोऱ्या काडतुसानं १९८४मध्ये एका अमेरिकी नटाचा जीव गेला आहे. चित्रीकरणाचा दिवस आणि जागा पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि खेळण्यातलं पिस्तूलसुद्धा कमरेला लावून नवी पेठेत चहाला जाऊ नका. सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून जुने नायक बारा-बारा बार काढतात. तुमच्या खलनायकाला बोटांवर मोजू द्या, आणि सहानंतर तो निर्धास्त उठला की सातवी लागू द्या.

त्याच टीमचा दुसरा प्रश्न: समोरासमोर उभं राहून डोळ्यांत डोळे घालण्याचं दृश्य जमत नाही. ऊन असूनही चेहरे काळे येतात.

ऊन आहे म्हणूनच काळे येतात. बारा वाजता सूर्य डोक्यावर, टोपीच्या कडेची सावली थेट डोळ्यांवर. सकाळी सात ते साडेआठ किंवा संध्याकाळी पाचनंतर काढा, आणि टोपीखाली उजेड जावा म्हणून छातीच्या उंचीवर, चौकटीबाहेर, पांढरी थर्माकोल शीट वर तोंड करून धरा. गोष्टीत मध्यान्ह आहे हे घड्याळ दाखवून सांगता येतं.

मोबाइल आडवा, १९२० बाय १०८०. पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या पडतील असं धरून १९२० बाय ८१६मध्ये चौकट बसवा. नंतर एडिटिंगमध्ये कापायचं, पण शूट करताना पारदर्शक चिकटपट्टी लावून खुणा करा, नाहीतर टोप्या कापल्या जातात. उभा माणूस दाखवायचा तर डोक्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत. या चौकटीला 'काउबॉय शॉट' म्हणतात, पिस्तूल दिसावं म्हणून ती तिथं कापतात. डोळ्यांच्या शॉटला मोबाइल नाकाजवळ नेऊ नका, नाक फुगतं. सहा-सात फूट मागं सरून दोनपट झूम वापरा.

जोडताना सुरुवातीचे शॉट चार-चार सेकंदांचे, मग तीन, दोन, एक, शेवटी अर्धा-अर्धा सेकंद: डोळे, हात, डोळे, पिस्तूल, डोळे. बघणाऱ्याचा श्वास अडकला पाहिजे. नंतरच विनोद, आणि तो पुन्हा चार सेकंदांच्या निवांत लांब शॉटमध्ये: दोघांच्या मधून म्हशी जातात, आणि त्या जाईपर्यंत दोघं थांबतात. बहुतेकांची चूक ही की तिसऱ्या शॉटलाच गंमत घालून मोकळे होतात. ताण साठलाच नाही तर सुटणार काय?

संगीत नेटवरून लिओनेचा संगीतकार मोरिकोने याचं उचलू नका, हक्काचा प्रश्न येतो आणि यूट्यूब आवाज बंद करतं. शीळ, मोरचंग आणि हलगी एवढ्यावर स्वतःचं करा. हलगीचा संथ ठेका या दृश्याला फार छान जातो. काउबॉयच्या बुटाच्या टाचेच्या किणकिणीला किल्ल्यांचा जुडगा चालतो. एका पात्राला घुंगरू द्या, दृश्य न बदलता लावणी सुरू झाल्याचा भास होतो.

जागेसाठी कुणाचं तरी पडीक रान घ्या, मालकाला विचारून. नान्नजचं माळढोक अभयारण्य कितीही टेक्सासारखं दिसलं तरी वन विभागाच्या परवानगीशिवाय तिथं चित्रीकरण चालत नाही, आणि टिकल्या फोडणं तर नकोच. मागं विजेचे खांब येत असतील तर कॅमेऱ्याची जागा बदला. नाहीच टळले तर राहू द्या. घोडा खांबाला बांधा.

घोडा कुठून आणायचा? (बार्शी)

आणू नका. नारळाच्या दोन करवंट्या पुरतात: फरशीवर आपटल्या तर दगडी रस्ता, मातीनं भरलेल्या परातीत आपटल्या तर माळ. चौकटीत नट फक्त छातीपासून वर, तो गुडघ्यांतून हलतो, आवाज करवंट्यांचा. वरातीचा घोडा बँडला सरावलेला असतो, टिकल्यांच्या आवाजाला असेलच असं नाही. शिवाय चित्रपटात प्राणी वापरायचा तर भारतीय पशुकल्याण मंडळाची आधी परवानगी लागते. घोड्याचा विनोद खराच बघायचा असेल तर 'कॅट बलू'मध्ये दारू प्यालेला ली मार्विन घोड्यावर पेंगत बसलाय आणि घोडाही पायाची अढी घालून भिंतीला टेकलाय, तो शॉट पाहा. मार्विननं या भूमिकेसाठी ऑस्कर घेतला तेव्हा भाषणात अर्धं श्रेय त्या घोड्याला दिलं.

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात प्रोजेक्टरवर एक दाखवायचा आहे. काय काळजी घ्यावी? (होटगी रोड)

'वे आउट वेस्ट' दाखवा. तासाभराचा आहे, मध्यंतर लागत नाही. प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये चित्र ताणून पडदाभर करण्याचा पर्याय बंद करा. जुनं चित्र जवळजवळ चौकोनी असतं, दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहणारच. ताणलं तर सगळेच हार्डी दिसतात आणि खऱ्या हार्डीची किंमत जाते. रुंद चौकटीचा चित्रपट निवडलात तर दहा फूट रुंद पडद्यावर चित्र फक्त सव्वाचार फूट उंच पडतं. मागच्या रांगेला सबटायटल वाचता येत नाहीत, तेव्हा अक्षरं मोठी करून घ्या आणि आधी शेवटच्या खुर्चीत बसून वाचून बघा.

ओटीटीचं घरगुती सदस्यत्व सार्वजनिक कार्यक्रमाला चालत नाही. भारतात चित्रपटाचा हक्क साठ वर्षं असतो, त्यामुळं १९३७च्या चित्रपटाचा स्वतःचा हक्क संपला आहे. पण नव्यानं दुरुस्त केलेल्या प्रतीत नवं संगीत असेल तर त्याचा वेगळा. सेन्सॉर प्रमाणपत्राचंही आधी विचारून घ्या.

या टिंगलीनंच वेस्टर्न मेला असं वाचलं. खरं का? (पंढरपूर)

कीटननं १९२५मध्ये टर उडवली, त्यानंतर 'हाय नून' आला. ब्रुक्सनं १९७४मध्ये उडवली, त्यानंतर 'अनफरगिव्हन'नं (१९९२) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेतलं. मेलेल्याची नक्कल कुणी करत नाही. झेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट राजवट असताना तिकडंही 'लेमोनेड जो' (१९६४) निघाला, ज्यात नायक दारूऐवजी कोलालोका नावाचं सरबत पितो आणि गोळीबार करता करता ते विकतोही. प्रत्येक दृश्य एका रंगात रंगवलेलं, जुन्या मूकपटांसारखं. पंढरपूरच्या वाचकांनी हा आधी पाहावा. देवाच्या गावात सरबत विकणाऱ्याला गिऱ्हाईक कसं जमवायचं ते निराळं शिकवायला नको.